हा ढीग कधीचा?



सातबाऱ्याचा उतारा आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी हातात घेतलेला आहे. जमीन कुणाच्या नावावर, किती गुंठे, पीक कोणतं, बोजा किती, हे सगळं त्यावर असतं. पण ती माती तिथं आली कुठून आणि आली कधी, हे कुठल्याच उताऱ्यावर नसतं. ते जमिनीतच लिहिलेलं असतं आणि ते वाचायला शिकावं लागतं. माणसं हे वाचन कशी शिकली, त्याचा इतिहास आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. हा इतिहास आहे युरोपातल्या आल्प्स पर्वताचा. शेवटी मात्र तो केदारनाथच्या वाटेवर येतो, आणि ती वाट आपल्यातल्या कितीतरी जणींनी तुडवलेली आहे.

आल्प्स आपण सिनेमात पाहिलाय. हिरवंगार कुरण, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे गाणं म्हणणारे हिरो-हिरॉइन. त्या हिरव्या खोऱ्यांमध्ये आज गावं आहेत, गाईगुरं आहेत, रेल्वे आहे. पण एके काळी तिथं बर्फच बर्फ होता. तोही थोडाथोडका नाही, तर मोठ्या खोऱ्यांमध्ये एक-दीड किलोमीटर जाडीचा.

डोंगरावर बर्फ वर्षानुवर्षं साचत गेला की खालचा बर्फ दबून घट्ट होतो आणि आपल्याच वजनानं उतारावरून हळूहळू सरकायला लागतो. हीच हिमनदी. सरकताना ती डोंगराचे दगड खरवडून सोबत घेते. पुढे जिथं बर्फ वितळतो, तिथं हे सगळं सामान टाकून देते. घराएवढी शिळा आणि पिठासारखी माती, सगळं एकाच ढिगात. भूगोलाच्या पुस्तकात या ढिगाला हिमोढ म्हणतात. नदी असं करत नाही. नदी दगडाला घोळून घोळून गोटा करते आणि चाळणीनं चाळावं तसं जड एकीकडे, हलकं दुसरीकडे ठेवते.

बर्फ मागे हटला की खोऱ्यात तळी होतात आणि तळ्यांत गाळ बसतो. वरून नद्या वाळू आणतात. मधूनच एखादा कडा कोसळतो. अशा खोऱ्याची जमीन म्हणजे जुनी गोधडीच. एका थरावर दुसरा थर, त्यावर तिसरा. कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, एवढं पाहून सांगता येतं. पण प्रत्येक थर किती वर्षांचा, हे सांगायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

सुरुवात झाली एका खेडुतापासून. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात बान्य नावाचं एक खोरं आहे. तिथल्या लूर्तिए गावात ज्याँ-पिएर पेरोदँ नावाचा माणूस राहायचा. सुतारकाम करायचा आणि डोंगरात रानशेळ्यांची शिकार करायचा. डोंगर पायाखालचा असल्यानं त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. हिमनदीच्या आसपासच्या कातळावर जसे लांब ओरखडे दिसतात, तसेच ओरखडे खाली कितीतरी दूर, जिथं बर्फाचा मागमूस नाही तिथंही दिसतात. आणि खोऱ्यात अशा प्रचंड शिळा पडलेल्या आहेत, की कोणत्याही पाण्यानं त्या वाहून आणणं शक्य नाही.

१८१५ साली ज्याँ द शार्पांतिए नावाचे एक विद्वान त्याच्या घरी मुक्कामाला होते. ते मिठाच्या खाणींचे संचालक होते. पेरोदँनं त्यांना सांगितलं की एके काळी हे सगळं खोरं हिमनदीनं भरलेलं असणार, आणि ती खाली पार मार्तिनी गावापर्यंत गेलेली असणार. शार्पांतिएंना ते इतकं अशक्य वाटलं, की त्यावर विचार करण्याचीही गरज त्यांना वाटली नाही. त्या काळी शहाण्यासुरत्या माणसांचं म्हणणं असं होतं, की या शिळा महापुरानं आणल्या.

तीनच वर्षांनी त्याच खोऱ्यावर संकट आलं. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला होता. त्याची धूळ आकाशात पसरली आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. हिमनद्या वाढल्या. बान्य खोऱ्यात जिएत्रो हिमनदीचा बर्फ कोसळून कोसळून द्रांस नदीत साचला आणि नदीला बर्फाचा बांध पडला. मागे तळं भरत गेलं. इग्नात्स वेनेत्स या इंजिनियरनं मजूर लावून बर्फातून बोगदा खोदायला घेतला, म्हणजे पाणी हळूहळू तरी निघेल. काही पाणी निघालंही. पण १६ जून १८१८ रोजी बांध फुटला. लोंढा मार्तिनीपर्यंत गेला आणि सुमारे ४० माणसं मेली. बोगद्यानं तळं आधी थोडं उतरलं नसतं, तर आकडा आणखी मोठा झाला असता.

या वेनेत्सनं पेरोदँचं म्हणणं मनावर घेतलं. तो खोऱ्याखोऱ्यांत हिंडला, जुने हिमोढ शोधले, आणि १८२९ साली विद्वानांच्या सभेत उभं राहून सांगितलं की हिमनद्या एके काळी फार दूरवर पसरल्या होत्या. मग शार्पांतिएंनी स्वतः तपासून पाहिलं आणि त्यांनाही ते पटलं. १८३७ साली लुई आगासी या प्राध्यापकानं न्यूशातेल शहरातल्या सभेत हिमयुगाची कल्पना मांडली आणि जगभर नाव आगासीचं झालं. शार्पांतिएंनी मात्र १८४१ सालच्या आपल्या पुस्तकात नीट लिहून ठेवलं, की ही गोष्ट आपल्याला पहिल्यांदा लूर्तिएच्या पेरोदँनं सांगितली होती. म्हणून तर आज आम्ही त्याचं नाव घेऊ शकतो. नाहीतर किती जणांनी आणि किती जणींनी काय काय ओळखलं असेल, कुणी लिहूनच ठेवलं नाही.

बर्फ होता, हे ठरलं. पण कधी होता? आल्ब्रेख्त पेंक आणि एडुआर्ट ब्रुकनर या दोन भूगोलतज्ज्ञांनी आल्प्सच्या पायथ्याचे ढीग आणि नद्यांचे वाळू-गोट्यांचे टप्पे वर्षानुवर्षं पाहिले. १९०१ ते १९०९ या काळात त्यांनी तीन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. बर्फ एकदा नाही, चार वेळा येऊन गेला, असं त्यांनी मांडलं, आणि त्या चार वेळांना तिथल्या नद्यांची नावं दिली: ग्युंझ, मिंडेल, रिस आणि व्युर्म. क्रम लागला, पण वर्षं कुणालाच ठामपणे सांगता येईनात. घरात चार जावा आहेत, थोरली कोण आणि धाकटी कोण ते माहीत आहे, पण वय एकीचंही माहीत नाही, तसं झालं.

वर्षं मोजायची पहिली युक्ती निघाली दूर स्वीडनमध्ये. तुम्ही गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवलंत तर आधी काय खाली बसतं? रेती. मग बारीक माती. आणि अगदी तलम चिखल सगळ्यात शेवटी, पाणी पूर्ण निवांत झाल्यावर. हिमनदीच्या पुढच्या तळ्यात हेच दर वर्षी होतं. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, पाणी जोरात येतं आणि फिकट, जाडसर थर बसतो. हिवाळ्यात तळं गोठतं, पाणी थांबतं आणि वर काळसर, तलम थर बसतो. एक फिकट आणि एक काळा मिळून झालं एक वर्ष. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं मोजावीत तसे हे थर मोजता येतात.

येरार्ड दे येर या शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन तो चिखलाच्या खाणी आणि नदीकाठ धुंडाळत गेला. एका ठिकाणचे जाड-बारीक थर दुसऱ्या ठिकाणच्या थरांशी जुळवले, आणि १९१० साली गेल्या १२,००० वर्षांचा हिशेब मांडला. या कामात त्याची बायको एब्बा हुल्ट दे येर बरोबरीनं होती. नवरा १९४३ साली वारला, त्यानंतरही तिनं हे काम चालू ठेवलं. चिखलाचे हजारो थर मोजणं हे किती चिकाटीचं काम आहे, हे वाती वळणाऱ्या आणि तांदूळ निवडणाऱ्या हातांना वेगळं सांगायला नको.

पण आल्प्सच्या प्रत्येक खोऱ्यात असे सलग थर मिळत नाहीत. हिमोढाच्या ढिगात तर थरच नसतात. तिथं दुसरी घड्याळं लागली. अशी तीन घड्याळं पुढच्या काळात मिळाली, आणि तिन्ही समजायला सोपी आहेत.

पहिलं घड्याळ लाकडाचं. झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेत राहतं. त्यात कार्बन-१४ नावाचा एक प्रकार अगदी थोडा असतो, आणि तो हळूहळू विरत जातो. झाड मेलं की नवा कार्बन येणं बंद होतं, जुना मात्र विरत राहतो. समईत तेल घालणं थांबलं की उरलेल्या तेलावरून ती किती वेळ जळते आहे ते कळतं, तसंच हे. ५,७३० वर्षांत हा कार्बन-१४ निम्मा होतो. अमेरिकेतल्या विलार्ड लिबी यांनी १९४९ साली ही पद्धत सिद्ध केली आणि १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतचं वय यातून काढता येतं.

दुसरं घड्याळ वाळूचं. गारगोटीचा कण मातीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या सूक्ष्म किरणोत्सर्गाची ऊर्जा त्याच्यात साठत जाते. ऊन लागलं की ती सगळी निघून जाते. म्हणजे उन्हात रिकामा होणारा आणि अंधारात थेंब थेंब भरणारा रांजणच. म्हणून हा नमुना उजेड न लागू देता, नळीत बंद करून काढतात. प्रयोगशाळेतल्या मंद लाल उजेडात त्यावर विशिष्ट प्रकाश टाकला की कण किंचित चमकतो. किती चमकला, त्यावरून रांजण किती भरला होता आणि कण किती वर्षं अंधारात होता, ते निघतं. १९८५ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत दाखवली.

तिसरं घड्याळ शिळेचं, आणि ते उलट चालतं. आकाशातून अतिशय सूक्ष्म किरण सतत पृथ्वीवर येत असतात. ते उघड्या दगडावर आपटले की दगडातल्या गारगोटीत बेरिलियम-१० नावाचे अणू तयार होतात. समुद्रसपाटीला एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला जेमतेम चार-पाच अणू. उन्हात बसून कातडी रापावी तसा दगड रापतो म्हणा ना. हिमनदीनं शिळा जिथं टाकली, तिथं ती तेव्हापासून आकाशाखाली उघडी पडलेली असते. अणू मोजले की ती किती वर्षं तशी पडून आहे, ते कळतं. झुरिचच्या विद्यापीठातल्या सुझन आयवी-ऑक्स या शास्त्रज्ञ बाईंनी आल्प्समधल्या कितीतरी शिळांचं वय असं काढलं आहे.

आता कुणी म्हणेल, यंत्रं आहेत, मग वय अचूकच येणार. तसं नसतं. घड्याळ कितीही चांगलं असलं तरी ते चालू कधी झालं, हे पाहावं लागतं. चुनखडीच्या पाण्यात वाढलेलं शेवाळ जुना कार्बन घेतं आणि आहे त्याहून जास्त वयाचं दिसतं, म्हणून शक्यतो जमिनीवरच्या झाडाचं पान किंवा काटकीच शोधतात. हिमनदीच्या गढूळ पाण्यातल्या वाळूला नीट ऊन लागलेलंच नसतं, म्हणजे रांजण पूर्ण रिकामा न होताच भरायला लागतो, आणि ती वाळूही जास्त वयाची दिसते. मातीखाली झाकलेली शिळा नंतर उघडी पडली असेल, तर तिचं वय कमी येतं. म्हणून एका ढिगाचं वय दोन-तीन रीतींनी काढतात आणि पडताळून पाहतात. एकीच्या बोलण्यावर निकाल द्यायचा नाही, चौघींना विचारायचं, हा आपल्या गटाचा नियम तिथंही चालतो.

या घड्याळांनी काय काय सांगितलं? ऑस्ट्रियात इन नदीच्या खोऱ्यात बाउमकिर्खन नावाचं गाव आहे. तिथं चिखलमातीची खाण आहे. जुन्या तळ्यात बसलेला पातळ पातळ थरांचा तो गाळ, आणि त्याच्या वर बर्फानं टाकलेला ढीग. त्या गाळात लाकडाचे तुकडे सापडले, आणि फ्रान्झ फ्लिरी यांनी १९७० साली त्यांची कार्बनची वयं प्रसिद्ध केली. लाकूड निघालं ३० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं. म्हणजे तेव्हा त्या खोऱ्यात बर्फ नव्हता. पाणी होतं, काठावर झाडोरा होता. शेवटचा मोठा बर्फ त्याच्यानंतर आला. जुरा डोंगराच्या बाजूला पडलेल्या शिळांनी सांगितलं की ऱ्होन खोऱ्यातली मोठी हिमनदी सुमारे २०-२१ हजार वर्षांपूर्वी मागे हटायला लागली. पेरोदँनं ज्या बर्फाबद्दल सांगितलं होतं, त्याला अशी तारीख मिळाली.

पण आमच्या मते या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट आहे फ्लिम्सची. स्वित्झर्लंडच्या पूर्वेला ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात फ्लिम्स हे गाव आहे. गावाच्या खाली आणि आजूबाजूला प्रचंड मोठा ढीग आहे, आणि ऱ्हाईननं तो कापून खोल घळ तयार केली आहे. हा ढीग म्हणजे कोसळलेला डोंगर. आल्प्समधली ही सगळ्यात मोठी ज्ञात दरड आहे, ८ ते १२ घन किलोमीटरची. आपल्या कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३ घन किलोमीटर पाणी मावतं. तेव्हा तीन-चार कोयना भरतील एवढा दगड एका वेळी खाली आला. त्यानं ऱ्हाईन अडवली आणि मागे मोठं तळं झालं.

हे कधी घडलं? या ढिगावर आणि ढिगात दूरवरच्या जातीचे दगडही सापडतात. ते पाहून अनेक अभ्यासकांना वाटायचं, की दरडीवरून नंतर हिमनदी गेली असणार, म्हणजे बर्फ पूर्ण जायच्या आधीच डोंगर कोसळला. बर्फाचा आधार सुटला आणि कडा पडला, असा हा सरळ हिशेब होता. आणि त्या हिशेबाचा एक अर्थ असाही निघत होता, की बर्फ गेला, धोका गेला.

मग वयं काढली गेली. ढिगातल्या लाकडाचं वय काढलं. ढिगावर नंतर जी तळी झाली, त्यांच्या तळाचा गाळ नळीनं काढून त्यातल्या काडीकचऱ्याचं वय काढलं. तळं ढिगावर आहे, म्हणजे ढीग तळ्याच्या आधीचा, हे साधं तर्काचं सूत्र. उघड्या पडलेल्या दगडांचंही वय काढलं. सगळ्यांचं उत्तर एकमेकांच्या जवळ आलं. दरड कोसळली सुमारे ९,४०० ते ९,५०० वर्षांपूर्वी. आणि मोठ्या हिमनदीनं ते खोरं सोडलं होतं त्याच्या कितीतरी हजार वर्षं आधी.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबूया. बर्फ गेल्यावर डोंगर हजारो वर्षं तसाच उभा होता. खाली जंगल वाढलं. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आता सगळं स्थिर आहे. आणि मग एक दिवस तो आला. ऑस्ट्रियातल्या क्योफेल्सलाही असंच झालं. तिथल्या दरडीत घर्षणानं वितळलेला दगड सापडतो, म्हणून कुणी म्हणायचं ज्वालामुखी, कुणी म्हणायचं उल्का पडली. ढिगाखाली गाडलेलं लाकूड मिळालं आणि वय निघालं सुमारे साडेनऊ हजार वर्षं. तिथंही बर्फ केव्हाच गेलेला होता. ढिगाचं वय कळलं नसतं, तर बर्फाच्या माथी दोष मारून माणसं निवांत झोपली असती.

निवांत झोपण्याची किंमत काय असते, हे एल्म गावानं पाहिलं आहे. तिथं डोंगराच्या पायथ्याशी पाटीच्या दगडाची खाण होती. शाळेतल्या पाट्या ज्या दगडाच्या असतात, तोच हा दगड. खाणीनं डोंगर खालून पोखरला. वर भेगा पडल्या, दगड सुटायला लागले. आदल्या दिवशी पाहणी झाली, पण धोका इतका जवळ आला आहे असं पाहणाऱ्यांना वाटलं नाही. ११ सप्टेंबर १८८१ रोजी डोंगर कोसळला आणि ११५ माणसं गेली. आल्बर्ट हाइम या भूशास्त्रज्ञानं त्या दरडीचा अभ्यास केला. पुढे १९३२ साली, म्हातारपणी, त्यानं दरडींवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या नावातच दरड आणि माणसांचे जीव हे दोन शब्द शेजारी ठेवले.

आणि अगदी अलीकडचं सांगतो. पेरोदँच्याच वाले प्रांतात ब्लाटेन नावाचं गाव होतं. २०२५च्या मे महिन्यात वरच्या कड्याचे दगड हिमनदीवर पडताना दिसले, मोजमापं वाढत गेली. १९ मे रोजी गावातली सुमारे ३०० माणसं आणि जनावरं हलवली. २८ मे रोजी हिमनदी दगडांसकट कोसळली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. धोक्याच्या टापूत असलेला एक माणूस दगावला. बाकी गाव जिवंत राहिलं. घरं गेली, चर्च गेलं, पिढ्यांच्या खुणा गेल्या, पण माणसं राहिली. त्या ढिगाचं वय काढायला प्रयोगशाळेची गरज पडणार नाही. दिवस आणि वेळ सगळ्या गावाला पाठ आहे.

आता केदारनाथ. आल्प्ससारखीच हिमालयातली खोरीही हिमनद्यांनी कोरलेली आहेत. केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदी आहे आणि तिथून मंदाकिनी निघते. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या खोऱ्यातल्या हिमोढांचं वय वाळूच्या घड्याळानं काढलं आणि ते २०१२ साली प्रसिद्ध केलं. सगळ्यात जुना ढीग रामबाड्याजवळचा, सुमारे १३ हजार वर्षांचा. हिमनदी तेव्हा तिथवर पोचत होती. मग ती टप्प्याटप्प्यानं वर सरकली. केदारनाथजवळचा ढीग सुमारे ५ हजार वर्षांचा निघाला. म्हणजे ज्या रामबाड्याला यात्रेकरू चहाला टेकायचे, गुडघे चोळत बसायचे, ती जागा हिमनदीच्या जुन्या ढिगाजवळची होती. आणि केदारनाथची वस्तीही हिमनदीनं आणि तिच्या पाण्यानं आणून टाकलेल्या दगडमातीवर वसलेली.

१६ आणि १७ जून २०१३ रोजी तिथं अतोनात पाऊस झाला. रामबाडा वाहून गेला. चोराबारी तळं हिमोढाच्या बांधानं अडलेलं होतं, तो सैल दगडमातीचा बांध १७ तारखेला सकाळी फुटला. उत्तराखंडातल्या त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसं गेली. महाराष्ट्रातून गेलेले यात्रेकरूही त्यात सापडले होते. ढिगाचं वय माहीत असल्यानं पाऊस थांबला नसता. पण हिमनदीनं रचलेला ढीग सिमेंटचा नसतो, तो पाण्यापुढे किती टिकतो आणि त्याच्या वाटेत किती घरं बांधावीत, हे ठरवताना ही वयं जवळ असली पाहिजेत.

आपल्या सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या. आपला काळा कातळ लाव्हाचा आहे, त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. पण दरडीचे ढीग आपल्याकडेही आहेत. ३० जुलै २०१४चं माळीण, २२ जुलै २०२१चं तळीये, १९ जुलै २०२३च्या रात्रीची इरशाळवाडी. ही नावं घेताना घशात काहीतरी अडकतं. या ढिगांचं वय आपल्याला माहीत आहे. पण डोंगराच्या कुशीत असलेल्या आणखी कितीतरी वाड्यांच्या खाली काय आहे, हे विचारायला कुणी गेलेलं नाही.

ते विचारायची सुरुवात बायका करू शकतात. विहीर खोदताना, रस्ता कापताना, घराचा पाया घेताना जमिनीचा काप उघडा पडतो. तो पाहा. दगड गोल आहेत की धारदार? लहानमोठे सगळे एकत्र कोंबलेत की नीट थरात बसलेत? खूप खोल, दगडांच्या खाली, जुनी काळी माती किंवा लाकूड दिसतं का? दिसलं तर ती जमीन एकदा गाडली गेलेली असू शकते. ते लाकूड चुलीत घालू नका, हातही फार लावू नका. ग्रामपंचायतीला सांगा आणि भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवायला लावा. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, की कोणता उतार त्यांच्या आठवणीत सरकला होता, कोणत्या झऱ्याची जागा बदलली. उत्तरं वहीत लिहा, तारखेसकट आणि सांगणारीच्या नावासकट. शार्पांतिएंनी पेरोदँचं नाव लिहिलं, तसं.

आणि पावसाळ्यात उतारावर नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलायला लागले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर वाट पाहू नका. आधी मुलं, म्हातारी माणसं आणि जनावरं घेऊन सुरक्षित जागी जा, मग फोन करा.

पुढच्या महिन्याच्या भाषणात आम्ही विहिरीच्या कापावरून पाण्याचा थर कसा ओळखायचा, ते सांगू. तोपर्यंत तुमच्या गटातल्या बैठकीत एक काम करा. गावातल्या मोठ्या उतारांची यादी करा, आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना मोकळा ठेवा. त्या रकान्याचं शीर्षक लिहा: हा ढीग कधीचा?

नमस्कार.